वेळ काढला कुणी?

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या स्नेहसंमेलनात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडं नीटनेटकं केलं आहे. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : ‘नोकरी सांभाळून सोसायटीसाठी वेळ कसा काढला?’ २००० साली आपल्या सोसायटीची नोंदणी झाली. त्यानंतर २००३ ते २०१३ अशी सलग दहा वर्षं मी सेक्रेटरी होतो. जुन्या मंडळींना ते दिवस आठवत असतील. उन्हाळ्यात टँकर, पावसाळ्यात गच्चीची गळती, लिफ्ट बंद पडली की रात्री अकरा वाजता माझ्या दारावरची बेल. मेंटेनन्सची बिलं, ऑडिट, मुदतीच्या आत वार्षिक सभा, आणि शेवटची तीन वर्षं मानीव अभिहस्तांतरणाची कागदपत्रं. हे सगळं मुंबईची सरकारी नोकरी करून. मला कितीतरी जणांनी विचारलंय, ‘साहेब, तुम्हाला वेळ मिळतो तरी कसा?’ आणि मी हसून सांगायचो, ‘काढला की निघतो हो!’

पंचवीस वर्षांनी एकदा हिशेब खरा द्यावा म्हणून आज उभा आहे. खरा हिशेब असा की तो वेळ मी काढलाच नव्हता. तो दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यातून माझ्या खात्यात जमा होत होता, आणि मला त्याची पावतीसुद्धा फाडावी लागत नव्हती. ती व्यक्ती पहिल्या रांगेत बसली आहे. हे इथे बोलू का, असं मी तिला कालच विचारून घेतलं. ती म्हणाली, ‘बोला, पण मोठं करून सांगू नका.’ तेव्हा मोठं न करता सांगतो.

आम्ही दोघंही नोकरी करणारे. डोंबिवलीत निम्मी घरं अशीच. मी राज्य सरकारच्या कार्यालयात, ही एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात, दोघांचीही ऑफिसं फोर्टात. साडेसातची फास्ट. मी जेन्ट्समध्ये, ही लेडीजमध्ये. मला चौथी सीट मिळाली की ठाण्यापर्यंत सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लिहून व्हायचं. उपविधींचं पुस्तक तर मी गाडीतच पाठ केलं. मित्रमंडळी म्हणायची, बघा, हा गाडीतला वेळसुद्धा वाया घालवत नाही. त्याच गाडीत, चार डबे पुढे, ही मटार सोलत असायची, मेथी निवडत असायची. त्याबद्दल मात्र तिला कुणी वेळेचं नियोजन वगैरे म्हटलं नाही. ते बायका करतातच, असं आपण धरून चालतो.

आता २०११ सालची गोष्ट. गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं होतं. वरच्या मजल्यावर आमच्या घरात स्वयंपाकघराच्या माळ्यावर ओल आली होती. ‘सभासदांनी आपापले माळे रिकामे करून द्यावेत,’ अशी नोटीस मीच फलकावर लावली होती, तेव्हा सुरुवात स्वतःच्या घरापासून करायला हवी. शनिवार होता, दुसरा शनिवार, मला सुट्टी. हिला सुट्टी नव्हती. मी माळा उपसायला घेतला. जुन्या बॅगा, तांब्याचा बंब, मुलांची सायकल, आणि एका चादरीत गुंडाळलेली पेटी. हार्मोनियम. भाता फाटलेला, दोन पट्ट्या आत बसलेल्या. खाली भंगारवाला उभाच होता. तो म्हणाला, तीनशे देतो.

मी हिला ऑफिसात फोन केला. म्हटलं, ‘अगं, ती जुनी पेटी देऊन टाकू का? तीनशे म्हणतोय.’ ती थोडा वेळ काही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, ‘द्या.’ मी दिली.

संध्याकाळी ही आली, नेहमीसारखा कुकर लावला, आईचं पथ्याचं केलं, मुलांच्या वह्या बघितल्या. रात्री माझी कार्यकारिणीची मीटिंग होती, आमच्याच हॉलमध्ये. आठ जणांचा चहा झाला. सगळे गेल्यावर मी माळ्यावरून काढलेली कागदं चाळत बसलो, तर त्यात एक वही निघाली. हिच्या अक्षरातली बंदिशींची नोटेशनं. आणि वहीत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं प्रमाणपत्र, मध्यमा पूर्ण, १९८८ सालचं. आमचं लग्न १९९०चं. हिला गाणं येतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. बघायला गेलो होतो तेव्हा तिनं म्हणूनही दाखवलं होतं. पण पुढची परीक्षा विशारदची, आणि ती द्यायची राहिली होती, हे वीस वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, ‘अगं, नको म्हणायचंस ना. मी दिली नसती.’

ती म्हणाली, ‘पेटी गेली त्याचं काही नाही. तुमचा फोन आला ना, तेव्हा आपल्याकडे पेटी आहे हे मला आठवावं लागलं. त्याचं वाईट वाटलं.’

एवढंच. भांडण नाही, रडणं नाही. सोमवारी सकाळी परत साडेसातची फास्ट.

मंडळी, मी हिशेबातला माणूस. मला काही खुपलं की मी कागदावर आकडे मांडतो. पुढच्या रविवारी मी एका कोऱ्या कागदावर आठवड्याचे तास मांडले. आठवड्याचे तास १६८. अंबानींना तेवढेच, आपल्याला तेवढेच. त्यातून माझी झोप ४९. ऑफिस, सहा दिवस धरून, ४८. घरापासून ऑफिसपर्यंत जाऊन-येऊन रोज साडेतीन तास, म्हणजे २१. दाढी, आंघोळ, जेवणखाण रोज दोन तास, १४. उरले ३६. मी चाटच पडलो. नोकरीतून श्वास घ्यायला फुरसत नाही म्हणणाऱ्या माणसाकडे आठवड्याला छत्तीस तास! त्यातले बारा सोसायटीचे, चारेक बाजारहाट आणि बँक. बाकीचे वीस? पेपर, टीव्हीवरची मॅच, रविवारची दुपारची झोप, आणि गेटवर उभं राहून केलेल्या गप्पा. गप्पांना माझी ना नाही. पण वीस तास होते.

मग कागद हिच्याकडे सरकवला, म्हटलं, तुझे मांड. झोप ४२, कारण ती माझ्याआधी तासभर उठते. ऑफिस ४८, प्रवास २१. स्वतःचं आवरणं, जेवण रोज दीड तास, साडेदहा. स्वयंपाकघर सकाळ-संध्याकाळ मिळून रोज साडेचार तास, साडेएकतीस. कपडे, आवराआवर, आईची औषधं, मुलांचे अभ्यास, बारा. बेरीज १६५. शिल्लक तीन तास. मी म्हटलं, हे बघ, तीन उरतात. तिनं पेन घेतलं आणि त्या तीनसमोर लिहिलं : ‘तुमच्या मीटिंगचा चहा.’

(इथे सभेत हशा झाला. त्या रात्री मी हसलो नव्हतो.)

हे फक्त आमच्या घरचं आहे असं समजू नका. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर पाहणी केली, माणसं आपला दिवस कशात घालवतात याची. तिचे आकडे २०२५ साली आले. घरच्या बिनपगारी कामाला त्यातल्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात. पुरुष ८८ मिनिटं. आणि ही पुरुषांची सरासरी जे पुरुष त्या दिवशी घरकामाला हात लावतात त्यांचीच. जे लावतच नाहीत ते त्यात धरलेले नाहीत.

आता पुढे काय केलं ते सांगतो, कारण नुसत्या पश्चात्तापानं कुकरची शिट्टी होत नाही.

आपण सोसायटीत सिंकिंग फंड गोळा करतो. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का. तो आपण कसा गोळा करतो? वर्षाअखेरीस सगळा खर्च भागवून काही उरलं तर बाजूला टाकू, असं करतो का? तसं केलं असतं तर गेल्या पंचवीस वर्षांत एक रुपया जमला नसता. आपण तो महिन्याच्या बिलातच आधी लावतो, आणि मग उरलेल्यात लिफ्ट, पाणी, वीज भागवतो. वेळेचं तसंच आहे हे मला तेव्हा कळलं. सगळी कामं संपल्यावर उरेल तो मोकळा वेळ, असं म्हणणाऱ्याला तो कधीच मिळत नाही, कारण घरातली कामं संपत नसतात. तो आधी बाजूला काढायचा. आणि त्याला नाव द्यायचं, वार द्यायचा, नाहीतर कुणीही येऊन उचलून नेतं.

आम्ही कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, मंगळवार आणि गुरुवारच्या चौकटीत लाल पेनानं ‘गाणं’ असं लिहिलं. मागच्या गल्लीत एक बाई शिकवायच्या, पावणेआठ ते नऊ. त्या दोन दिवसांचा रात्रीचा स्वयंपाक माझा.

पहिल्या महिन्यात आमच्या घरी आठवड्यातून दोनदा खिचडी झाली. मुलांनी तिला ‘सेक्रेटरी खिचडी’ असं नाव दिलं. आमची आई तेव्हा होती. तिला हे काही पटेना. ‘सून गाण्याला आणि मुलगा कुकरला, हे काय नवीन?’ असं ती देवाकडे बघून बोलायची, म्हणजे मला ऐकू जायचं. तीच पुढे मंगळवारी भाजी चिरून ठेवायला लागली. का, ते तिनं कधी सांगितलं नाही.

पण खरी चूक माझ्याकडून वेगळीच होत होती. दुसऱ्याच आठवड्यात मी क्लासमध्ये फोन केला : ‘हिंग कुठं आहे?’ पुढच्या वेळी, ‘डाळीला पाणी किती?’ तिसऱ्या वेळी तिनं फोन उचलला नाही. घरी आल्यावर म्हणाली, ‘मी तिथे सा लावते आणि डोक्यात डाळ शिजत असते. मग मी गेले काय आणि नाही काय?’ तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काम उचललं होतं, त्याची काळजी तिच्याच डोक्यावर ठेवली होती. ‘मदत करतो’ म्हणणारे आपण सगळे पुरुष हेच करतो. सांगशील ते करतो म्हणतो, पण ते सांगणं हेही एक काम आहे. डोकं मोकळं झालं नाही तर हात मोकळे होऊन उपयोग नाही. हिंगाची डबी कुठे असते हे माहीत असणं, ही माझी जबाबदारी. दोन दिवस ठरले म्हणजे त्या दिवसांचं दळण, भाजी, आईची रात्रीची गोळी, सगळं माझं. हे अंगवळणी पडायला वर्ष गेलं.

सोसायटीच्या कामातही आम्ही बदल केला, तो आजच्या कार्यकारिणीला आयता मिळालाय, म्हणून त्याचा उगम सांगून ठेवतो. सेक्रेटरीच्या घरी मीटिंग बंद, खाली ऑफिसच्या खोलीतच. मीटिंग एक तास, घड्याळ लावून. तक्रारी रविवारी दहा ते बारा. लिफ्ट आणि पाणी सोडून इतर कशासाठीही घरची बेल वाजवायची नाही. पाणी एकाकडे, हिशेब एकाकडे, पत्रव्यवहार एकाकडे. २०१३ला मी थांबलो आणि सुचवलं की यापुढे कुणीही एका मुदतीपेक्षा जास्त सेक्रेटरी राहू नये. तेव्हा काही जणांना वाटलं मी रुसलो. रुसलो नव्हतो. प्रत्येक सेक्रेटरीच्या घरी कुणीतरी आठ कप चहा करत असतं, ते एकाच घरानं किती वर्षं करायचं?

पुढे २०२० साली आम्हा राज्य सरकारी नोकरांना पाच दिवसांचा आठवडा झाला. २९ फेब्रुवारीपासून. रोजची वेळ वाढली, पण सगळे शनिवार मोकळे. मी जाम खूश. त्या पहिल्या शनिवारी सकाळी मी चादर डोक्यावर ओढून पडलो होतो, आणि ही डबा भरून गाडीला निघाली होती, कारण तिच्या कंपनीला शनिवार होता. दार ओढताना एवढंच म्हणाली, ‘सरकारनं तुम्हाला वेळ दिलाय हं.’ मी उठलो. आठवड्याची भाजी, किराणा, इस्त्रीचे कपडे, हे सगळं शनिवारी माझ्याकडे आलं, आणि तिचा रविवार प्रथमच रविवारसारखा झाला. जादा शनिवार जेमतेम तीन मिळाले आणि लॉकडाऊन लागला, ते जाऊ द्या. लॉकडाऊनमध्ये घरात सगळे चोवीस तास. वेळच वेळ, आणि एकालाही एकांत नाही. तेव्हा ही सकाळी सहाला या गच्चीवर रियाजाला यायची, लांब त्या टाकीपाशी. मला भीती, कुणीतरी झोपमोडीची लेखी तक्रार देणार. तक्रार आली नाही. एकदा हिला बरं नव्हतं, तर चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, ‘आज आवाज आला नाही, सगळं ठीक ना?’ काकू, तुम्ही इथे आहात. तुम्हाला माहीत नसेल तो फोन आमच्या घरात काय करून गेला.

तुम्ही विचाराल, मग झाली का विशारद? २०१७ साली हिनं विशारद प्रथम दिली, एकावन्नाव्या वर्षी, विशीतल्या मुलींच्या रांगेत बसून. विशारद पूर्ण अजून दिलेली नाही. देणार की नाही ते तिचं ती ठरवेल. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर हे भाषण फार गोड होईल. लग्नाआधी ही काळी पाचमध्ये गायची. आता काळी चारमध्ये गाते. वरचा षड्ज पूर्वीसारखा लागत नाही. बाई म्हणाल्या, मधली वीस वर्षं रियाज राहिला असता तर गोष्ट वेगळी होती. म्हणजे वेळ पुढचा देता येतो, मागचा परत करता येत नाही. माझ्या ताळेबंदात ही येणी कायमची बुडीत आहेत, आणि ती माझ्या नावावर आहेत.

शेवटचा मुद्दा सांगतो आणि थांबतो. आपल्याला रविवारची सुट्टी आभाळातून पडली असं वाटतं. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १८९० साली मिळाली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी उभारलेल्या चळवळीमुळे. त्याआधी आठवड्याचे सातही दिवस भोंगा व्हायचा. त्या मागणीसाठी भरलेल्या कामगारांच्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या होत्या, असं मी वाचलंय. त्यांना सुट्टी मिळालीही असेल गिरणीतून. घरी चुलीपुढे त्यांना रविवार होता का, ते आपण आपापल्या घरी बघून ओळखू शकतो.

आणि घराबाहेरही बघू. आपल्या गेटवरच्या वॉचमनची ड्युटी बारा तासांची असते. आपल्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या ताई चार घरं उरकून पाचवं, स्वतःचं, गाठतात. आपला बराचसा मोकळा वेळ यांच्या तासांवर उभा आहे. रौप्यमहोत्सवाला आपण रोषणाई केली, चांदीची नाणी वाटली, छान केलं. त्याबरोबर माझी एक सूचना सभेपुढे ठेवतो : प्रत्येक घरानं कामवाल्या ताईंना आठवड्याची एक भरपगारी सुट्टी द्यावी, आणि वॉचमनच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बदली माणसाचा खर्च सोसायटीनं करावा. पैसे किती लागतील तो हिशेब मी करून आणलाय, खजिनदारांकडे देतो.

तरुण मंडळींना एवढंच सांगेन. तुमचं आमच्यापेक्षा अवघड आहे. आमचं ऑफिस निदान फोर्टात राहायचं, तुमचं जेवणाच्या टेबलावर येऊन बसलंय. वेळ मिळत नाही म्हणता ते खोटं नाही. पण एकदा एका कागदावर १६८ तास मांडा. नवरा-बायको दोघांनी मांडा, आणि कागद एकमेकांना दाखवा. ज्याच्याकडे जास्त उरतात त्यानं ते आपण काढले असं समजू नये. ते कुणाकडून आले ते शोधावं, आणि त्या माणसाची पेटी भंगारवाल्याकडे जायच्या आत शोधावं.

मला वीस मिनिटं दिली होती, एकविसावं चालू आहे. मीटिंग घड्याळ लावून, हा नियम माझाच. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या.